नवी मुंबईचं बालपण निगेटिव्हवर आहे

असा धो धो पाऊस पडत असताना आपण सगळे वेळेवर आलात, त्याबद्दल आधी आभार. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढच्या दोन रांगा मोकळ्या आहेत. आज आम्ही बऱ्याच वस्तू हातात धरून दाखवणार आहोत, आणि लांबून त्या दिसायच्या नाहीत. जे हे व्याख्यान नंतर वाचतील, त्यांच्यासाठी प्रत्येक वस्तूचं वर्णनही करत जाऊ.

आम्ही म्हणजे नेरूळ ते पनवेल या पट्ट्यात राहणारी काही हौशी मंडळी. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी शिक्षिका, दोघंजण अजून कॉलेजात. फोटोग्राफीवर पोट कुणाचंच नाही. रविवारी सकाळी फिल्मचे कॅमेरे घेऊन फिरायचं आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बाथरूममध्ये रोल धुवायचे, एवढाच उद्योग. विषय फिल्म कॅमेऱ्याचा आहे, तरी सुरुवात कॅमेऱ्यापासून करत नाही. आधी ही पट्टी बघा.

पट्टी कशी वाचायची

ही निगेटिव्हची पट्टी आहे. रुंदी ३५ मिलिमीटर, दोन्ही कडांना भोकं, आणि प्रत्येक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. या मापाचा रोल कोडॅकने १९३४ साली डबीत घालून विकायला आणला, आणि आजही दुकानात मिळतो तो ह्याच मापाचा.

पट्टीची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूवर चित्र असतं, म्हणून तिला बोट लावायचं नाही. चकचकीत बाजू आपल्याकडे करून उजेडासमोर धरली, की कडेची अक्षरं सरळ वाचता येतात. तिथे फिल्मचं नाव असतं आणि चौकटींचे क्रमांक असतात. पट्टी नारिंगी दिसली तर रोल रंगीत, करडी दिसली तर बहुधा कृष्णधवल. कडेवर ‘इंदू’ दिसलं, तर ती आपल्या देशात बनलेली फिल्म. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचं ते नाव. कंपनी १९६० साली स्थापन झाली, उत्पादन १९६७ साली सुरू झालं, आणि आता तो कारखाना बंद आहे.

क्रमांकांचा उपयोग फार मोठा. सुट्या कॉप्यांमध्ये आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. पट्टीवर मात्र सात नंबरच्या चौकटीत हळद, नऊमध्ये वरात आणि अकरामध्ये नवं घर असेल, तर तो क्रम पक्का. पट्टी म्हणजे रोजनिशीच असते, फक्त वाचणारा हवा.

हे शहर आणि ही पट्टी

आता शहराकडे येऊ. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं. त्या जागी तेव्हा भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळी वस्त्या होत्या. सत्तरच्या दशकात वाशीच्या खाडीवर पूल झाला. १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजची घरं उभी केली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, त्यात पाच जणांचे प्राण गेले. मे १९९२ मध्ये लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला पोचली.

या सगळ्या काळात एक गोष्ट कायम होती. फोटो फिल्मवरच निघायचे. डिजिटल कॅमेरा आणि मोबाईल सामान्य घरात आले ते २००० सालानंतर, तेही हळूहळू. म्हणजे या शहराची पहिली तीसेक वर्षं, त्याचं बालपण, निगेटिव्हवर आहे. सरकारी कार्यालयांत नकाशे असतील, उद्घाटनांचे फोटो असतील. पण अंगणातली हळद, दारातली होडी, सोसायटीचा पहिला गणपती, रिकाम्या सेक्टरमध्ये एकट्या उभ्या असलेल्या इमारतीसमोरचं कुटुंब, हे सगळं लोकांच्या कपाटांत आहे. बिस्किटांच्या डब्यात, साडीच्या खोक्यात, फोटो स्टुडिओच्या पिवळ्या पाकिटात.

आणि आपल्याकडच्या हवेत ते कुजतंय. आजचं व्याख्यान ठेवण्याचं खरं कारण हे आहे.

हौस जुनी आहे

कुणी म्हणेल, फिल्मचं हे नवं खूळ तरुणांनी काढलंय. तसं नाही. मुंबईत हौशी लोकांनी फोटोग्राफिक सोसायटी स्थापन केली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले एक जाणते फोटोग्राफर होते. पेशा डॉक्टरचा आणि हौस फोटोची. त्या काळी काचेवर ओलं रसायन चढवायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच धुवायचा. मुंबईच्या उन्हात ते किती भराभर वाळत असेल, विचार करा.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या माहितीचं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोपाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली. पैसे घालणाऱ्यांना आपली विद्या दाखवायची होती. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर आला, १९१३ साली. त्या काळी कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं घरातच चालायची, आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. तेव्हा आमच्या बाथरूमला कुणी हसलं, की आम्ही सरस्वतीबाईंचं नाव सांगतो. (हशा)

आत घडतं काय

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो, त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड पडला की त्या कणांत सूक्ष्म बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण नोंद झालेली असते. डेव्हलपर हे रसायन उजेड लागलेल्या कणांचं काळ्या चांदीत रूपांतर करतं. फिक्सर उरलेले कण विरघळवून टाकतो. झालं चित्र. जिथे उजेड जास्त तिथे काळं, म्हणून सगळं उलटं दिसतं. रंगीत फिल्ममध्ये असे तीन थर असतात, आणि शेवटी चांदी काढून घेतली जाते. उरतात ते फक्त रंग. म्हणून नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह दीर्घकाळ टिकते आणि रंगीत निगेटिव्ह फिकी पडत जाते. तुमच्या घरात दोन्ही असतील, तर स्कॅन करताना रंगीत आधी घ्या.

सुरुवात कशी करायची

कॅमेरा विकत घेण्याआधी घरात शोधा. आपल्याकडच्या घरांत कोडॅक केबी-१०, याशिका एमएफ-२, हॉटशॉट, त्याही आधीचा आगफाचा क्लिक-थ्री, यांतलं काहीतरी निघतंच. नाहीच मिळालं तर फोर्टातला बोरा बाजार आहे, चोर बाजार आहे. याच मुंबईतल्या दिलीश पारेख यांच्या संग्रहातले ४,४२५ कॅमेरे गिनीज बुकात नोंदले गेले. तुम्हाला एक पुरे.

जुना कॅमेरा घेताना तीन गोष्टी बघायच्या. एक, लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दोन, मागचं झाकण उघडून शटर वेगवेगळ्या वेगांवर दाबा. एक सेकंद आणि सेकंदाचा साठावा भाग यांत फरक कानाला कळला पाहिजे. तीन, झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला चिकटतोय का बघा. चिकटला तर तो बदलावा लागेल, नाहीतर आत उजेड शिरेल. फोम बदलणं सोपं आहे, बुरशी काढणं सोपं नाही.

उजेड मोजायला मीटर नसला तरी अडत नाही. रोलवर ४०० लिहिलंय असं धरा. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर १६ वर ठेवायचं आणि शटर त्या ४०० च्या जवळच्या आकड्यावर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. पातळ ढग आले तर अ‍ॅपर्चर ११, आभाळ पूर्ण भरलं तर ८, आज आहे तसा काळोख झाला तर ५.६ किंवा ४. पाम बीच रोडवर मे महिन्यातल्या दुपारी आणि त्याच जागी जुलैत, असे दोन फोटो घ्या. नियम कायमचा डोक्यात बसेल. रंगीत निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही. शंका आली तर एक घर जास्तच द्या.

रोल, धुलाई आणि स्कॅन धरून एका फोटोला साधारण चहा आणि वडापाव इतका खर्च येतो. चौकटी फक्त छत्तीस. त्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी दोन पावलं इकडे, दोन तिकडे करून बघतो. मागे काय आहे ते बघतो. आम्ही शिकलो ते इथेच.

थोडी गंमत

ज्याला प्रयोगाची आवड आहे त्याने एकाच चौकटीवर दोनदा फोटो घेऊन बघावा. साध्या हाती चालणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत तळाशी रोल गुंडाळायचं बटण असतं. पहिला फोटो झाला की ते बटण दाबून धरायचं, गुंडाळायची चावी घट्ट धरायची आणि लिव्हर ओढायचा. शटर भरतं, फिल्म पुढे सरकत नाही. दोन्ही वेळा उजेड निम्मा द्यायचा, म्हणजे बेरीज बरोबर येते.

यातलं मर्म असं, की दुसरं चित्र पहिल्याच्या काळोख्या भागातच उमटतं. आमच्यातल्या एकीने वाशीच्या खाडीवर संध्याकाळच्या आभाळासमोर आपल्या वडिलांची काळी आकृती टिपली, आणि त्याच चौकटीवर पारसिकच्या डोंगरावरचं पावसाळी गवत. आभाळ आधीच उजळलेलं, तिथे गवत दिसलं नाही. गवत उगवलं ते फक्त वडिलांच्या आकृतीत. वडील आयुष्यभर शेतीच्या गोष्टी सांगत आलेले. त्यांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि काहीच बोलले नाहीत.

घरी धुताना

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. पूर्ण अंधारात रोल टाकीत भरायचा; रात्रीची वेळ आणि दाराच्या फटीला टॉवेल एवढं पुरतं. टाकीचं झाकण लागलं की दिवा लावला तरी चालतो. अडचण पाण्याची. पुस्तकं सांगतात वीस अंश, आणि आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास. उपाय साधा आहे. मोठ्या टबात पाणी घ्या, फ्रीजमधल्या बर्फाची पिशवी सोडा आणि रसायनांच्या बाटल्या त्यात तासभर उभ्या करा. वीसपर्यंत नाहीच उतरलं आणि चोविसावर थांबलं, तर वेळ सुमारे तीन दशांशाने कमी करा: दहा मिनिटांऐवजी सात. रंगीत रोलचं उलटं आहे. त्याला ३८ अंश लागतात आणि डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. पण तिथे अर्ध्या अंशाची चूकही रंगात उतरू शकते, म्हणून नवख्यांनी कृष्णधवलपासूनच सुरुवात करावी.

एक विनंती. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी त्यात काही दिवस बुडवून ठेवली, की बरीचशी चांदी गाळ होऊन तळाला बसते. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. फ्लेमिंगोंचे फोटो काढायचे आणि त्यांच्याच पाण्यात रसायन सोडायचं, हे बरं नाही.

आमची चूक

आता ती गोष्ट, जी सांगायला आम्हाला जड जातं.

बेलापूरच्या बाजूच्या एका जुन्या गावातल्या आजींनी आमच्याकडे एक डबा दिला. आत कृष्णधवल पट्ट्या होत्या. एका चौकटीत त्यांची हळद, मागे कौलारू घर, आणि त्याच्याही मागे पांढऱ्या चौकोनांचं मिठागर, क्षितिजापर्यंत. आज तिथे टॉवर आहेत. पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके होते. आम्हाला वाटलं, आपण तर रोल धुणारी माणसं, स्वच्छ पाण्यात बुडवू, बुरशी निघून जाईल. पहिली पट्टी पाण्यात सोडली आणि डोळ्यांदेखत दोन चौकटींमधलं चित्र सुटून पाण्यात गेलं. उरलं ते पारदर्शक प्लास्टिक. एका चौकटीत आजींच्या सासूबाई होत्या. त्यांचा दुसरा फोटो घरात नव्हता.

कारण नंतर कळलं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, ते बुरशीचं अन्नच. बुरशी लागली की तिथलं जिलेटिन पाण्यात विरघळणारं होतं. नवी निगेटिव्ह पाण्यात धुतात, बुरशी लागलेली कधीच धुवायची नाही. आम्ही आजींकडे गेलो आणि जे झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा माळ्यावरच राहिला असता तर उरलेलेही गेलेच असते. त्यांचा मोठेपणा. आमची चूक त्याने लहान होत नाही.

म्हणून नियम सांगतो, लिहून घ्या. बुरशीची पट्टी आधी कोरड्या जागी ठेवायची, मग आहे त्या स्थितीत स्कॅन करायची. मऊ कोरड्या ब्रशने वरवरचं झटकता येतं, तेवढंच. एकमेकांना चिकटलेल्या पट्ट्या ओढायच्या नाहीत. त्या जाणकाराकडे न्यायच्या. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की बुरशी फोफावते, आणि आपल्या पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर असते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरायच्या. डब्यात चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राहिली की झालं. लेन्सलाही हाच नियम. चामड्याच्या केसात कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचं प्लास्टिकच मोडायला लागलंय असं समजा. त्या पट्ट्या इतरांपासून वेगळ्या करा आणि आधी स्कॅन करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*मोबाईलमध्ये फिल्मसारखा दिसणारा फिल्टर मिळतो. मग एवढा खटाटोप कशाला?*

नुसतं तसं दिसायला हवं असेल तर फिल्टर पुरे, आमची तक्रार नाही. आम्ही जुन्या पट्ट्या स्कॅन करतो त्याही मोबाईलनेच, खाली पांढरा उजेड ठेवून. पण जो स्वतः रोल धुतो त्याला पट्टीची कुठली बाजू धरायची, कुठली नाही, कशाने ती जगेल आणि कशाने मरेल, हे हाताला कळतं. ही माहिती असणारी फोटो स्टुडिओवाली पिढी आता कमी होत चाललीय. ती हौशी लोकांनी उचलली नाही तर कुणी उचलायची?

*वडिलांच्या कॅमेऱ्यात रोल तसाच राहिलाय, वीस वर्षं झाली. फोटो येतील का?*

झाकण उघडू नका, ही पहिली गोष्ट. आधी रोल पूर्ण गुंडाळून घ्या. उष्णतेने न धुतलेलं चित्र विरत जातं, त्यामुळे खात्री देता येत नाही. कृष्णधवल असेल तर आशा बरी. रंगीत रोलचे रंग बहुधा गेले असतील, पण तो कृष्णधवल रसायनात धुतला तर आकृत्या मिळू शकतात. आणि तो रोल घेऊन विमानाने जाणार असाल तर क्ष-किरणांतून जाऊ देऊ नका, हाताने तपासायची विनंती करा. नवी सीटी यंत्रं न धुतलेल्या फिल्मवर धुकं आणतात.

*स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून द्यायच्या का?*

नाही. स्कॅन ही नक्कल आहे. फाईल जिवंत ठेवायला कुणीतरी दर काही वर्षांनी ती एका डिस्कवरून दुसरीवर न्यावी लागते. निगेटिव्हला फक्त कोरडी जागा लागते.

वेळ संपत आली, म्हणून शेवटचं. घरी गेल्यावर तो डबा कुठे आहे ते बघा, पण आज उघडू नका. आज हवेत ओल आहे. ऑक्टोबरच्या उन्हात, कोरड्या दिवशी, पंख्याखाली सावलीत उघडा. आणि शेजारी घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बसवा. पट्टीवर क्रमांक असतो, नावं नसतात. हे कोण, हे घर कुठलं, मागचं झाड कुठे होतं, हे सांगणारी माणसं आज आहेत. वही-पेन जवळ ठेवा.

कॅमेरे इथे टेबलावर आहेत. हातात घेऊन बघा. याशिकाचं शटर मात्र हळू दाबा, ते आमच्याहून म्हातारं आहे. (हशा)